माई, सोळा कोटी थोडे बाजूला ठेवा

‘ताई, मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली. घरात सगळे मला माई म्हणतात. माझा नातू चौदा महिन्यांचा आहे. बसवला की बसतो, हसतो, टाळ्या वाजवतो, पण पायांवर भार देत नाही. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं, रक्त तपासायला बाहेर पाठवलं, आणि एसएमए टाइप 2, म्हणजे स्नायू दुबळे होत जाणारा जन्मजात आजार, असं निघालं. 16 कोटींचं इंजेक्शन असतं आणि ते दोन वर्षांच्या आत द्यावं लागतं, असं मुलाने मोबाईलवर वाचलं. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. एक माणूस व्हिडिओ करून पैसे जमवून देतो म्हणतो, पण त्याला बाळ रडतानाचं शूटिंग हवंय. सून त्याला उंबऱ्याच्या आत घ्यायला तयार नाही. ह्यांनी आयुष्यभर कदंबची बस चालवली, कुणापुढे हात पसरला नाही. ते आता बाल्कांवात, घरापुढच्या ओट्यावर, गप्प बसून असतात. दीर म्हणतात कुळागर, आमची सुपारी-नारळाची बाग, विकून टाका. मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलंय, ते पुढे ढकलावं का? आमच्या घराण्यात असं कधी कुणाला नव्हतं. सुनेच्या माहेरची नीट चौकशी करायला हवी होती असं आता वाटतं. सुनेला व्हिडिओसाठी कसं तयार करू?’

माई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एकच गोष्ट शोधत होते: बाळाला औषध सुरू झालंय का? इंजेक्शन आहे, व्हिडिओ आहे, कुळागर आहे, लग्न आहे. औषधाचं नाव कुठेच नाही. म्हणून सुनेला कसं तयार करायचं हा तुमचा प्रश्न मी शेवटी घेते.

इस्पितळात समाजसेविका म्हणून काम करताना मी अशी पुष्कळ घरं पाहिली. मोठा आकडा कानावर पडला की घर त्या आकड्याभोवतीच फिरायला लागतं. दिवस जातात, आठवडे जातात, आणि आज हाताशी असलेली गोष्ट तशीच राहून जाते. तुमच्या बाबतीत हाताशी असलेली गोष्ट खरोखर आहे, म्हणून जीव तोडून सांगतेय.

आधी आजार समजून घ्या. पाठीच्या कण्यातल्या काही पेशी स्नायूंना हालचालीचा हुकूम पोचवतात. त्यांना जगायला एक प्रथिन लागतं आणि ते बनवण्याचं काम एसएमएन 1 नावाच्या जनुकाचं. तुमच्या नातवात ते जनुक काम करत नाही. एसएमएन 2 नावाचं त्याचं भावंड थोडंफार प्रथिन बनवतं, त्याच्यावरच बाळ बसायला शिकलं. पण ते पुरत नाही, आणि पेशी एकेक करून मरत जातात. मेलेली पेशी कुठलंही औषध परत आणत नाही, 16 कोटींचं इंजेक्शनही नाही. सगळी औषधं उरलेल्या पेशी वाचवतात. म्हणून औषध किती महाग आहे याच्यापेक्षा ते किती लवकर सुरू झालं याला मोल जास्त.

या आजारावर आज तीन मुख्य औषधं आहेत. पहिलं, पाठीच्या कण्यात सुईने द्यायचं नुसिनर्सेन, ते 2016 साली अमेरिकेत मंजूर झालं. दुसरं, तुम्ही ऐकलेलं एकदाच द्यायचं झोल्गेन्स्मा, 2019 चं. अमेरिकेत ते दोन वर्षांखालच्या मुलांसाठी मंजूर झालं आणि किंमत ठरली 21 लाख 25 हजार डॉलर. तुमच्या मुलाने वाचलेला सोळा कोटींचा आकडा तिथून आलाय. आणि तिसरं रिसडिप्लाम, 2020 चं. हे तोंडाने द्यायचं पातळ औषध, रोज एकदा, घरी.

आता नीट ऐका. रिसडिप्लाम 2021 मध्ये भारतात आलं तेव्हा एका बाटलीची किंमत सहा लाखांच्या घरात होती. मध्यमवर्गीय घराला तेही सोळा कोटींइतकंच लांब. पण हैदराबादच्या नॅटको कंपनीने तेच औषध इथे बनवायचं ठरवलं. मूळ कंपनी रोश दिल्ली उच्च न्यायालयात गेली. तिथे तिला मनाई हुकूम मिळाला नाही, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. त्यानंतर नॅटकोने बाटलीची किंमत जाहीर केली: 15,900 रुपये. सहा लाखांच्या जागी सोळा हजारसुद्धा नाहीत. त्याआधी, 22 सप्टेंबर 2025 पासून, या औषधावरचा जीएसटीही शून्य झालेला आहे.

तुमच्या मुलाने जे वाचलं ते बहुधा जुनं आहे. 2021 मध्ये मुंबईतल्या एका बाळासाठी लोकांनी 16 कोटी उभे केले आणि केंद्राने सहा कोटींच्या आसपासचा कर माफ केला, त्या बातम्या अजून फिरतायत. ते खरंच घडलं होतं. पण तेव्हा ही स्वस्त बाटली नव्हती.

हिशेब मांडते, कारण तुमच्या घरी आता खऱ्या हिशेबाची गरज आहे. एका बाटलीत 60 मिलिग्रॅम औषध असतं. दोन महिने ते दोन वर्षं या वयात दर किलोमागे रोज 0.2 मिलिग्रॅम देतात. तुमचं बाळ साडेआठ किलोचं धरलं तर रोजचं 1.7 मिलिग्रॅम, म्हणजे एक बाटली महिनाभर पुरून चार-पाच दिवस उरेल. वर्षाला दहा-अकरा बाटल्या, पावणेदोन लाखांच्या आत. मूल वाढेल तसा डोस वाढतो. वजन 20 किलो झालं की रोज 5 मिलिग्रॅम, आणि तिथून पुढे तो तेवढाच राहतो. तेव्हा बाटली बारा दिवसांत संपेल आणि वर्षाचा खर्च पाच लाखांच्या आसपास जाईल. हे औषध आयुष्यभर घ्यायचं असतं, म्हणून हा खर्च लहान नाही. पण हा आकडा वेर्ण्याच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्या माणसाला कागदावर लिहिता येतो, त्याच्यासाठी कुणाकडे जायचं हे ठरवता येतं. (तुमचा मुलगा कुठे नोकरी करतो ते तुम्ही लिहिलेलं नाही; फोंड्याकडचे बरेच तरुण वेर्ण्याला जातात म्हणून तसं धरलं.)

डोस मी ठरवत नाही, तो मेंदूविकाराचे बालतज्ज्ञच ठरवतील. नातवाला तीनपैकी काय योग्य, एसएमएन 2 च्या प्रती किती आहेत, यकृत कसं आहे, हे सगळं तेच पाहतील. त्यांना सरळ विचारा: सिरप आत्ता सुरू करून इंजेक्शनचा विचार नंतर होऊ शकतो का? सिरप सुरू केलं की इंजेक्शनची वाट कायमची बंद होते, असं धरून घरी बसू नका.

आता सरकारी मदत. 2021 मध्ये केंद्राचं दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आलं आणि 2022 च्या सुधारणेनंतर एका रुग्णामागे 50 लाखांपर्यंत मदत मिळू शकते. एसएमए त्या धोरणात आहे. पैसे घरी येत नाहीत. ठरलेल्या मोठ्या रुग्णालयांपैकी एकात नाव नोंदवावं लागतं, आणि पैसे त्या रुग्णालयाकडे जातात. तुम्हाला जवळची दोन: मुंबईचं केईएम आणि बंगळुरूचं इंदिरा गांधी बालआरोग्य संस्थान. बांबोळीच्या डॉक्टरांकडून रेफरल घ्या आणि मांडवी एक्सप्रेसने दादरला उतरा, केईएम जिथे आहे ते परळ तिथून जवळ. सहा लाखांच्या बाटलीसमोर 50 लाख वर्षभरही पुरत नव्हते. सोळा हजारांच्या बाटलीसमोर तेच पैसे पूर्ण डोस धरला तरी दहा वर्षांच्या आसपास पुरतात. म्हणून वाट न पाहता नोंदणी करा. मंजुरीला वेळ लागतो, आणि तो लागणारच हे धरून पहिल्या काही बाटल्या आपल्या खिशातून घ्यायची तयारी ठेवा. राज्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर तेही बरोबर ठेवा, आणि बांबोळीच्या समाजसेवा विभागात विचारा की गोव्याबाहेरच्या उपचारांसाठी राज्याच्या मेडिक्लेम योजनेत तुमचं काय बसतं. क्युअर एसएमए फाउंडेशन ऑफ इंडिया ही पालकांनीच उभी केलेली संस्था आहे. मुलाला आणि सुनेला तिथल्या पालकांशी बोलू द्या. त्या आईबापांना जे माहीत असतं ते माझ्यासारखीला पत्रातून सांगता येत नाही.

माई, आता त्या एका ओळीकडे येते. सुनेच्या माहेरची चौकशी.

हा आजार व्हायला बिघडलेलं जनुक दोन्हीकडून यावं लागतं. एक प्रत आईकडून, एक बापाकडून. एकच प्रत बिघडलेली असली तर माणूस धडधाकट असतो, त्याला आयुष्यात कधी कळतही नाही. अशी माणसं चाळीस-पन्नासात एक असतात. म्हणजे तुमच्या भजनी मंडळात पंचवीस जण बसत असतील तर त्यांच्यातही कुणीतरी असायची बरीच शक्यता. तुमच्या मुलाकडे ती प्रत आहे, आणि त्याच्याकडे ती जवळजवळ नक्की तुमच्याकडून किंवा बाळाच्या आजोबांकडून आली. घराण्यात कधी कुणाला नव्हतं हे खरंच असेल. पण ती प्रत पिढ्यानपिढ्या गुपचूप चालत येते, आणि दोन प्रती एकत्र येईपर्यंत दिसत नाही.

हे मी तुमच्यावर दोष लोटायला लिहीत नाही. इथे कुणाचाच दोष नाही, कुणी काही केलेलं नाही. पण सून त्या घरात दिवसरात्र बाळाला घेऊन बसलीय आणि ती ओळ तुम्ही बोलला नसाल तरी तिच्यापर्यंत पोचली असणार. सासूच्या नजरेतून पोचते. एकदा तिच्याजवळ बसा आणि डॉक्टरांनी सांगितलं असं म्हणून तिला सांगा: हे आमच्याकडूनही आलंय. एवढंच वाक्य. त्यानंतर ती कदाचित रडेल, रडू द्या.

मुलीचं लग्न पुढे ढकलू नका. फक्त एक करा. भावाकडे ती प्रत आहे म्हणजे बहिणीकडेही असायची शक्यता निम्मी-निम्मी. साध्या रक्ताच्या तपासणीत कळतं. तिच्याकडे नसेल तर विषय संपला. असेल, तर नवऱ्यामुलाची तपासणी; दोघांकडे निघाली तरच प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका, आणि तो गर्भ अकरा-बारा आठवड्यांचा असतानाही तपासता येतो. मुलाला आणि सुनेलाही दुसरं मूल हवं असेल तेव्हा हीच वाट आहे. मुलीने हे होणाऱ्या नवऱ्याला स्वतः सांगावं, तुम्ही परस्पर वराकडच्यांना काही सांगू नका. आणि सांगण्याआधी तिला स्वतःला नीट समजलेलं असू द्या.

कुळागराबद्दल दीर बोलतायत, म्हणून विचारते: ते अजून सासऱ्यांच्या नावावर आहे का? इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कोर्टातली वाटणी, झालेली आहे का? झाली नसेल तर ते एकट्या तुमचं नाहीच. गोव्याच्या कायद्याने दीर, नणंदा, आणि त्यांचे नवरे-बायका, सगळ्यांच्या सह्या लागतील. आणि तुमच्या दोघांचं असेल तर निम्म्याच्या धनी तुम्ही आहात. तुमच्या सहीशिवाय आजोबांनाही विकता येत नाही. आजच्या हिशेबाला कुळागर विकायची गरज मला दिसत नाही. सुपारी आणि नारळ वर्षाला जे देतात ते या मुलाला पुढची चाळीस वर्षं लागणार आहे. घाईत, दलालाला तुमची अडचण माहीत असताना विकलेली जमीन निम्म्या भावात जाते. मी हे होताना पाहिलंय, आणि त्या घरातल्या म्हाताऱ्याला नंतर त्या रस्त्याने जाताना मान दुसरीकडे वळवताना पाहिलंय.

आणि आता व्हिडिओ. सून बरोबर आहे. पूर्णपणे बरोबर आहे.

एसएमएचा बुद्धीवर परिणाम होत नाही. ही मुलं बोलकी, चौकस असतात, मोठ्या माणसांत रमतात. तुमचा नातू शाळेत जाईल, वाचेल, आणि एक दिवस मोबाईलवर स्वतःचं नाव शोधेल. तेव्हा त्याला काय दिसावं? कुणीतरी मुद्दाम रडवलेलं बाळ आणि खाली काळ्या अक्षरांत मृत्यूची तारीख? ते पुसता येत नाही. जो माणूस चांगल्या हसऱ्या बाळाला रडवून घ्यायला सांगतो, तो तुमच्या बाळासाठी काम करत नाही. त्याला विचारा जाहिरातींवर किती खर्च होणार, कमिशन किती, पैसे कुणाच्या खात्यात जमा होणार. सरळ उत्तर मिळालं नाही तर उंबऱ्याबाहेरच बरा.

पैसे लागणार नाहीत असं मी म्हणत नाही. औषधाखेरीज आठवड्याची फिजिओथेरपी, पायांच्या स्प्लिंट, उभं राहायची चौकट, पुढे कदाचित खोकला बाहेर काढणारं आणि रात्रीच्या श्वासाचं यंत्र, मुंबईच्या खेपा, तिथली राहण्याची सोय. या सगळ्याची डॉक्टरांकडून लिहून घेतलेली यादी करा, तिची बेरीज करा, आणि तेवढेच मागा. गावाला 16 कोटी म्हटलं तर माणूस शंभराची नोट देऊन मोकळा होतो, कारण त्याला माहीत असतं की हे काही होणार नाही. ‘या वर्षाला आठ लाख हवेत, त्यातले तीन आम्ही घातले’ म्हटलं की तो विचार करतो. (आठ हा मी उदाहरणाला घेतलेला आकडा, तुमचा तुमच्या यादीतून येईल.)

खातं वेगळं उघडा, शक्य तिथे पैसे थेट रुग्णालयाकडे किंवा नोंदणीकृत संस्थेकडे जाऊ द्या. नात्याबाहेरच्या लोकांकडून वर्षात 50,000 रुपयांपेक्षा जास्त रक्कम मुलाच्या नावावर आली तर ती करपात्र ठरू शकते. सीएला आधीच विचारा. आणखी एक, खास आपल्या गोव्याचं. परदेशात राहणारा आपला माणूस भारतीय पासपोर्टवर असेल तर त्याने बँकेतून पाठवलेले पैसे चालतात. पण पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडला गेलेला पुतण्या कायद्याच्या नजरेत परदेशी नागरिक आहे, आणि त्याच्या देणगीला परदेशी देणग्यांचा कायदा लागतो. सख्ख्या भावंडांना त्यात सूट आहे. पुतण्या-भाचे त्यात बसतात असं धरून चालू नका. प्रेमापोटी पाठवलेल्या पैशाने मुलाच्या मागे चौकशी लागायला नको.

आणि सुरुवातीलाच एका कागदावर लिहून ठेवा की उरलेल्या पैशांचं काय. फार वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या घरात एका मुलीसाठी असेच पैसे जमले. मुलगी गेली, पैसे उरले. दोन भावांत त्यावरून जे झालं ते अजून मिटलेलं नाही, आणि देणारे आजही त्या घराबद्दल वाईट बोलतात. मी त्या वेळी त्यांना हा कागद करायला सांगायला हवं होतं. मुलगी जिवंत असताना ते तोंडातून निघालं नाही.

आजोबांचं सांगते. हात पसरणं त्यांना जमणार नाही, जमवू नका. त्यांच्याकडे फाईल द्या. तपासणीचे सगळे रिपोर्ट, जन्मदाखला, आधार, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, दीनदयाळचं कार्ड, प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स, आणि एक वही, जिच्यात प्रत्येक फोन, प्रत्येक खिडकी, कुणी काय सांगितलं ते तारखेसह. इतकी वर्षं बसच्या वेळा सांभाळलेल्या माणसाहून हे काम कुणाला चांगलं येणार? बाटली औषधाच्या दुकानातून तयार होऊन आली की ती फ्रिजमध्येच ठेवायची असते, आणि उघडल्यापासून ठराविक दिवसांतच वापरायची. पावसाळ्यात तुमच्याकडे वीज किती वेळ जाते ते त्यांना माहीत आहे; बर्फाच्या डब्याची सोय तेच बघतील.

बाळाला सर्दी झाली, श्वास घेताना छाती आत ओढली जायला लागली, तर काढा देऊन सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री बांबोळी. या मुलांना न्यूमोनिया झपाट्याने होतो. हे घरात सगळ्यांना ठाऊक असू द्या, मावशीला आणि शेजारणीलाही.

रेफरलसाठी उद्याच बांबोळीला जा. केईएमची तारीख मिळाली की मला दोन ओळी लिहा, आणि सिरप सुरू झालं तर तो दिवस आजोबांच्या वहीत लाल पेनाने लिहून ठेवायला सांगा. पुढच्या प्रत्येक तपासणीत डॉक्टर तीच तारीख विचारतील.

तुमची,
ताई